चंद्रावरचं सावडणं

मच्छिंद्रने मिशी काढायची परवानगी मागितली तेव्हा बद्रीनाथ जेवायला बसले होते. त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"डोकं बी?" त्यांनी विचारलं.

"डोकं बी," मच्छिंद्र म्हणाला.

"का? मी जिता हाय की."

प्रश्न रास्त होता. बाप गेला की मुलाने डोकं आणि मिशी उतरवायची, ही त्या मुलखाची रीत. बाप जिवंत असताना दोन्ही सफाचट करणारा मुलगा खापरटाकळीत तरी अजून जन्मला नव्हता. आणि मच्छिंद्रचा बाप तर सत्तरी ओलांडूनही तीन भाकरी खाऊन वर दही मागत होता. तेव्हा मच्छिंद्रने खाली मान घालून खरं कारण सांगितलं. तो चंद्राचा राजा झाला होता.

हे सगळं भालचंद्रमुळे झालं. जुन्या जालन्यातल्या एका वकिलाच्या कारकुनाचा हा मुलगा पुण्याला शिकायला म्हणून गेला आणि दोन वर्षांनी हाताने फिरवायचा कॅमेरा घेऊन परत आला. मूकपटांचे ते दिवस. जो तो देवादिकांचे चित्रपट काढत होता, म्हणून भालचंद्रने माणूस चंद्रावर जातो असा चित्रपट काढायचं ठरवलं. चंद्र शोधत त्याने सगळा अंबड तालुका पालथा घातला आणि शेवटी खापरटाकळीच्या माळावर येऊन तो थांबला. शहागडच्या रस्त्याला लागून असलेला तो माळ म्हणजे नुसता मुरूम. तिथे कुसळसुद्धा उगवत नसे, आणि गावाला त्या माळाची इतकी लाज वाटे की मुली बघायला आलेल्या पाहुण्यांना दुसऱ्या वाटेने आणत. तो माळ पाहून भालचंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. निजामी अमलात परवानगीशिवाय पान हलत नसे. त्याने अर्ज केला आणि जागेच्या रकान्यात लिहून दिलं, ‘चंद्र, सर्व्हे नंबर एकेचाळीस, पडीक.’ परवाना आला.

चंद्रावरच्या माणसांना केस नसतात, असं भालचंद्रचं शास्त्र होतं. आधी त्याने डोकी झाकायला कणकेच्या टोप्या करून पाहिल्या. त्या उन्हात तडकल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागे कावळे आले. चंद्रावर कावळे असून चालणार नव्हतं. मग खरी डोकी भादरायचं ठरलं. ज्यांचे वडील आधीच वारलेले होते असे अकरा जण त्याने प्रजा म्हणून निवडले, त्यांची काही हरकत नव्हती. पण राजा सगळ्यांत उंच हवा होता, आणि गावात सगळ्यांत उंच मच्छिंद्र होता.

बद्रीनाथांना पटवायला भालचंद्र स्वतः घरी आला. "काका, चंद्रावर हवा नाही," तो ओसरीवर बसून म्हणाला. "हवा नाही म्हणून केस उगवत नाहीत."

"हवा न्हाई तर मानसं जगून राह्यली कशी?" बद्रीनाथांनी विचारलं.

भालचंद्रने खिशातून वही काढून हे टिपून घेतलं. "ही शंका पुण्यातसुद्धा कोणी काढली नाही," तो म्हणाला.

बद्रीनाथांनी मुलाकडे पाहिलं. मच्छिंद्र चाळिशीचा होता, पण बापासमोर अजून खांबाला टेकूनच उभा राहायचा. "कर," बद्रीनाथ शेवटी म्हणाले. "मी गेल्यावर तू कसा दिसशील ते बघायला तवा मी नसनार. आत्ताच बघून घेतो."

"मामंजी, असं वंगाळ कशाला बोलता?" आतून मच्छिंद्रची बायको, नंदाबाई, म्हणाली.

"वंगाळ काय त्यात. द्वारका तर तवाच येनार हाय."

द्वारकाबाई ही बद्रीनाथांची थोरली मुलगी, शहागडला दिलेली. आठ वर्षांपूर्वी तिच्या मुलीच्या लग्नात बद्रीनाथांना दुसऱ्या पंगतीला बसवलं गेलं. नवरीचा आजा, आणि दुसऱ्या पंगतीला. ते भरल्या पानावरून उठले. "दादा, पोरीचं लगीन हाय, आजच्या दिवस गिळा," असं द्वारकाबाई बापापुढे हात जोडून म्हणाली, पण ती चार माणसांत म्हणाली. बद्रीनाथांनी चार माणसांतच उत्तर दिलं, "माझ्या दारात आता मी मेल्यावरच ये." त्यांनी आयुष्यात दिलेला शब्द मागे घेतला नव्हता आणि तीही त्यांचीच मुलगी होती. आठ दिवाळ्या गेल्या. बद्रीनाथ रोज संध्याकाळी बाज शहागडच्या रस्त्याकडे तोंड करून टाकत आणि वारा त्याच बाजूने येतो असं सांगत. मच्छिंद्रला दिसत होतं की म्हातारा थकत चालला आहे. ही गाठ म्हाताऱ्याच्या जिवंतपणी सुटली नाही तर ती आपल्याच गळ्यात पडणार, हेही त्याला दिसत होतं. दोनदा तो शहागडला जाऊन आला होता. "बोलावलंय का त्यांनी?" एवढंच द्वारकाबाई विचारायची, आणि खोटं बोलणं त्याला जमत नसे.

दुसऱ्या दिवशी कडूबा न्हाव्याने एका बैठकीत बारा डोकी उतरवली. बद्रीनाथांनी मुलाला सगळ्या बाजूंनी निरखून पाहिलं. "माझ्या बापावानी दिसून राह्यला," ते म्हणाले आणि त्यांनी आपली बाज माळावर न्यायला सांगितली.

तेव्हापासून ते रोज येऊ लागले. दोन वेळा त्यांचा पटका चंद्राच्या क्षितिजावर उगवला आणि तेवढी फिल्म वाया गेली. शेवटी भालचंद्रने कापडावर रंगवलेल्या डोंगरामागे त्यांची बाज लावली. सावलीही झाली आणि चंद्रही निर्मनुष्य राहिला.

यान उतरण्याचं दृश्य मात्र सुरुवातीपासूनच बिनसलं. यान बांबूचं होतं, वरून तरट आणि रॉकेलच्या डब्यांचा पत्रा ठोकलेला. आत पृथ्वीवरचा प्रवासी म्हणून जालन्याच्या शाळेतले गजानन मास्तर, अंगात रजईचा पोशाख शिवलेला. खालून धूर निघावा म्हणून भालचंद्रने ओलं गवत पेटवलं. धूर निघेना, म्हणून त्याने रॉकेल ओतलं. मग धूर निघाला आणि धुरामागून जाळही निघाला. मास्तरांनी उडी मारली आणि ते लांब मुरमावर हातपाय पसरून पडून राहिले. यान एका बाजूला कललं, आडवं झालं आणि धडाडून पेटलं.

भालचंद्रचा पुठ्ठ्याचा कर्णा यानातच होता. त्याने पालथी मूठ तोंडावर नेली आणि बोंब ठोकली, "पाणी, पाणी आणा." विहीर दोन शेतं लांब होती. जवळ फक्त नंदाबाईने पिण्यासाठी पाठवलेला माठ होता, तो मच्छिंद्रने खांद्यावर घेतला. माठाला तडा गेलेला, त्यामुळे मागे पाण्याची बारीक धार लागली. जाळाची धग जवळ जाऊ देईना. कुठून ओतता येईल ते बघत तो जाळाभोवती धावला. असे तीन फेरे झाले. तिसऱ्या फेऱ्याला माठ खांद्यावरून निसटला आणि मागे पडून फुटला. मग करण्यासारखं काही उरलंच नाही. पांढरी वस्त्रं नेसलेले, डोकी भादरलेले अकरा प्रजाजन खाली माना घालून उभे राहिले आणि राजाही त्यांच्यात जाऊन उभा राहिला.

त्याच वेळी रस्त्यावर एक बैलगाडी थांबली होती. गाडीत अंबडच्या बाजारातून मिठाची पोती घेऊन निघालेला भुजंग होता. भुजंग म्हणजे द्वारकाबाईचा धाकटा दीर. त्याने लांबून पाहिलं ते इतकंच, की माळावर आडवं काहीतरी जळतं आहे, मच्छिंद्र डोकं आणि मिशी उतरवून खांद्यावर गळकं मडकं घेऊन तीन फेरे मारतो आहे, मडकं फुटलं, कोणीतरी बोंब मारली, आणि एक माणूस दुःखाने जमिनीवर पडला आहे. काहीच कमी नव्हतं. त्या घराशी आठ वर्षं बोलणं नव्हतं, तेव्हा एकट्याने पुढे जाण्याची सोय नव्हती. भुजंगने पटका काढला, रस्त्यावरूनच हात जोडले आणि बैल हाकले.

मच्छिंद्रला रस्त्यावरचा तो माणूस दिसला. चेहरा ओळखू आला नाही. चित्रपट बघायला थांबलेला कोणी वाटसरू असेल, राजाला नमस्कार करून राह्यला, असं त्याला वाटलं. त्यानेही मान लववून नमस्कार परत केला.

दुसरा दिवस भालचंद्रने कडुनिंबाखाली बसून काढला. संध्याकाळी त्याने सगळ्यांना बोलावलं. "आता यान जळालं तर जळालं," तो म्हणाला. "आपण तेच दाखवू. प्रवासी चंद्रावर अडकलाय. राजा आणि प्रजा राखेभोवती शोक करून राह्यलेत. तिथंच चित्रपट संपवायचा. माझ्याकडे शेवटचा डबा आहे, चार मिनिटांचा. उद्या सकाळी, सावल्या लांब असतानाच घेऊ. मी हात खाली करेपर्यंत कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. काहीही होऊ द्या. वीस दिवसांची मेहनत आहे, राजेसाहेब."

"हलनार न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. आणि तो शब्दाचा पक्का होता, हा त्या घराण्याचाच गुण.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन कासराभर वर आलं होतं. राखेभोवती प्रजा उभी राहिली, मध्ये राजा, बाजूला रजईतले मास्तर. बद्रीनाथ डोंगरामागे बाजेवर आडवे झाले. भालचंद्रने दांडा फिरवायला सुरुवात केली, आणि शहागडच्या रस्त्याने सहा बैलगाड्या माळावर वळल्या.

जाळल्यानंतर तिसऱ्या दिवशी राख सावडायची असते. पाहुणे त्या दिवशी आधी घरी जात नाहीत, सरळ त्या जागेवर येतात. द्वारकाबाईकडचे पाहुणे रीतीला धरून आले होते. पुरुषांच्या हातात पितळी तांब्यात दूध होतं, नवं मडकं होतं, चाळणी होती. बायकांनी डोक्यावरून पदर ओढले होते. पुढे द्वारकाबाई होती. आठ वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते.

मच्छिंद्रला सगळं एका क्षणात कळलं. रस्त्यावरचा वाटसरू, मडकं, फेरे, नमस्कार, सगळं. त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून भालचंद्रकडे पाहिलं. भालचंद्रचा हात वरच होता. तोंडातल्या तोंडात आकडे मोजत तो दांडा फिरवत होता.

द्वारकाबाईने भावाच्या गळ्यात हात टाकला. "मच्छिंद्रा, मला सांगावा बी धाडला न्हाई रे," ती म्हणाली. मच्छिंद्र हलला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण वाहणारं पाणी चालेल की नाही हे भालचंद्रने सांगितलं नव्हतं. "ह्याला तर वाचाच राह्यली न्हाई," ती मागच्या बायकांना म्हणाली आणि राखेजवळ मटकन खाली बसली.

मग ती बोलू लागली. ती राखेशी बोलत होती. "दादा, तुमी म्हनले मी मेल्यावर ये. आले बघा. वाकडा शब्द म्या बोलले तो एकदाच बोलले, आन् आठ वर्सं त्याच्यावर रडले. दर दिवाळीला रस्त्यावर घुंगरं वाजली का मी दारात येऊन उभी राहायची. वाटायचं, दादा आले. मच्छिंद्र दोनदा आल्ता, पन बोलावनं त्याचं होतं, तुमचं न्हाई. तुमी एक बार नुस्तं ये म्हनायचं होतं. अनवानी आले असते मी."

राख मुलाने सावडायची, बायकांनी लांब उभं राहायचं, अशी रीत आहे. पण मुलगा दगडासारखा उभा होता. भुजंगने दोनदा त्याच्या पुढे चाळणी धरली आणि दोनदा मागे घेतली. शेवटी द्वारकाबाईनेच पदर खोचला, राखेवर दूध शिंपडलं आणि दोन्ही हातांनी ती राख मडक्यात भरू लागली.

"वहिनी, लोखंड लई निघून राह्यलं," भुजंग चाळणी हलवत हळूच म्हणाला. चाळणीत खिळे होते आणि पत्र्याचा एक वाकडा तुकडा होता.

"त्यांची पत्र्याची पेटी ठिवली आसल संगं," द्वारकाबाई म्हणाली. "जिवापाड जपायचे पेटीला." तिने खिळेही मडक्यात घातले.

फिल्म केव्हाच संपली होती. भालचंद्रला ते कळलंही होतं. पण त्याचा हात खाली येईना. तो रिकामाच दांडा फिरवत होता आणि वर धरलेल्या हाताच्या बाहीलाच डोळे पुसत होता, आणि त्यामुळे राजाला अजून हलता येत नव्हतं. पुढे जालन्याच्या तंबूत हा चित्रपट लागला तेव्हा या प्रसंगाला ‘चंद्रकन्येचा विलाप’ अशी पाटी आली आणि ही नटी मुंबईची की कलकत्त्याची यावर लोकांच्या पैजा लागल्या.

डोंगराचं कापड बाजूला झालं आणि बद्रीनाथ बाहेर आले. त्यांचा पटका सुटून खांद्यावर आला होता. त्यांनी पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं.

"द्वारके," ते म्हणाले.

बायका मागे सरल्या. भुजंगच्या हातून चाळणी पडली. द्वारकाबाई मात्र जागची हलली नाही. मांडीवर मडकं, हात कोपरापर्यंत काळे, अशी ती बापाकडे बघत राहिली. आता कुठे भालचंद्रने हात खाली केला.

"मंग मेलं कोन?" तिने विचारलं.

"कोनी न्हाई मेलं, आक्का," मच्छिंद्र घाईघाईने म्हणाला. "सिनेमाची गाडी जळाली. चंद्रावर जायची. मी राजा हाय तिथला, म्हनून हे डोकं…"

द्वारकाबाईने मडक्यात पाहिलं. मग तिने ते मडकं हळूच खाली ठेवलं. "आठ वर्सांनी माहेराला आले," ती म्हणाली, "ती गाडीची राख सावडायला." ती उठली, पदर पुन्हा डोक्यावर घेतला. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला होता, तो सगळ्यांनी पाहिला. पण त्याच्या मागोमाग ते लग्नातलं अंगणही आलं. "भाऊजी, बैल जुंपा. मेल्यावर ये म्हनले होते. हे तर जिते हायेत, देव त्यांना जिता ठिवो. माझा इथं काय हक्क?"

मच्छिंद्रला वाटलं, आता म्हाताऱ्याने एक शब्द टाकला तरी पुरे. ये म्हटलं की झालं. पण आपला बाप त्याला माहीत होता. दिलेला शब्द परत घेणं बद्रीनाथांना येतच नव्हतं, जसं काही माणसांना पोहता येत नाही. भुजंग बैलांकडे निघाला. आक्का या वेळी गेली की मग म्हातारा खरंच गेल्यावरच येणार होती.

बद्रीनाथ राखेपाशी आले. त्यांनी मुलाच्या डोक्याकडे पाहिलं, खापरांकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं.

"शब्द म्हंजी शब्द," ते म्हणाले. "पोरगी बराबर बोलून राह्यली. मच्छिंद्र, डोकं, मिशी कोनी उतरवली?"

"म्या, दादा."

"मडकं घेऊन जाळाला फेरे कोनी मारले?"

"म्याच. पन ते पानी…"

"किती मारले?"

"तीन."

"मडकं फुटलं?"

"फुटलं."

"आज तिसरा दिस. राख सावडली? दूध टाकलं?"

भुजंगने हातातला रिकामा तांब्या मागे लपवला.

"मंग राह्यलं काय?" बद्रीनाथ म्हणाले. ते पंचांत बसून निवाडा देताना बोलत तसंच बोलत होते. "समदं बिलकुल रीतीनं झालं. चार मानसांनी बघितलं. मी मेलो. द्वारका तिच्या हक्कानं आली. चल घरी."

द्वारकाबाई बापाकडे बघत होती. तिला रडायचं होतं, पण रडून तर आधीच झालं होतं.

"मेलेलं मानूस बोलत न्हाई, दादा," ती म्हणाली.

बद्रीनाथांनी यावर विचार केला. "बराबर हाय," ते म्हणाले. "मंग मी बोलत न्हाई. तू बोल."

ते पुढे निघाले. त्यांच्या मागे द्वारकाबाई, तिच्या मागे बारा भादरलेली डोकी, मग सहा गाड्यांची माणसं, आणि सगळ्यांत शेवटी रजईत घामेजलेले गजानन मास्तर. माळापासून गाव अर्ध्या कोसावर होतं. द्वारकाबाईने बोलायला सुरुवात केली ती त्या लग्नाच्या आदल्या दिवसापासून. मांडव कोणी घातला, आचारी कसा पळाला, पंगती कोणी लावल्या आणि त्या लावताना ती स्वतः कुठे होती. बद्रीनाथ मान हलवत ऐकत होते. दोनदा त्यांनी तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा आठवण होऊन मिटलं.

नंदाबाईने दारातून ही मिरवणूक येताना पाहिली. कोण मेलं ते तिला कळेना, पण पदर ओढलेल्या बायका आणि राखेचे हात तिला ओळखता आले. सावडून येणाऱ्यांनी उंबऱ्याबाहेर कडुनिंबाचा पाला चावायचा असतो. तिने धावत जाऊन एक डहाळी मोडून आणली. सगळ्यांनी चार चार पानं घेतली. शेवटी बद्रीनाथांनीही हात पुढे केला. नंदाबाई घाबरून मच्छिंद्रकडे बघू लागली. मच्छिंद्रने मान हलवली. तेव्हा बद्रीनाथांनी स्वतःच पाला ओरबाडून तोंडात टाकला, तोंड वाकडं न करता चावला आणि ते ओसरीवर आपल्या जागी जाऊन बसले. मग शेजारच्या घोंगडीवर हाताने दोनदा थापटून त्यांनी मुलीला खूण केली.

द्वारकाबाई बोलता बोलताच येऊन बसली. ती अजून पहिल्या पंगतीपर्यंतच आली होती.